नमुन्याची खुर्ची

मी आजवर चार वेळा गरोदर राहिलो आहे. दोनदा सातवीत शिकलो, एकदा रक्तदाबाचा जुना रुग्ण होतो, आणि एका रविवारी तर सकाळी अंगणवाडी सेविका आणि दुपारी तिच्याविरुद्ध तक्रार करणारी पालक, अशा दोन्ही बाजू मीच सांभाळल्या. हे सगळं सांगलीत, विश्रामबागेतल्या एका व्हरांड्यात, लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसून. एरवी मी साताऱ्यात टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. वय त्रेपन्न, पोट सुटलेलं, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारा. तरीही त्या खुर्चीत बसलो की समोरची मुलगी वही उघडून गंभीरपणे विचारायची, "कितवा महिना?" आणि मी तितक्याच गंभीरपणे सांगायचो, "सातवा."

त्या खुर्चीला नाव होतं नमुन्याची खुर्ची. व्हरांडा होता उमराणीकरबाईंचा. बाई जाऊन आता वर्ष होत आलं. अजूनही दुकानात कुणी संशोधनाचं प्रपोजल टाइप करायला आणलं, की मी आपोआप शेवटचं पान आधी उघडतो. गिऱ्हाईक म्हणतं, "काका, उलटं धरलंय." मी म्हणतो, "नाही, सुलटंच आहे."

बाईंची गाठ पडली ती माझ्याच चुकीमुळे. माझी बायको सुनंदा नर्स. एकोणीस वर्षं माण तालुक्यातल्या उपकेंद्रावर काढली, मग साताऱ्याच्या एका नर्सिंग शाळेत शिकवायला लागली, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी तिनं पीएच.डी. करायचं घेतलं. विषय रक्तवाढीच्या गोळ्यांचा. मेंढपाळांच्या घरातल्या गरोदर बायकांना या गोळ्या वर्षानुवर्षं वाटल्या जातात, तरी त्यांचं रक्त काही वाढत नाही. ते का, हा प्रश्न. विद्यापीठाच्या समितीपुढे संशोधनाचा आराखडा मांडायचा, तो मंजूर झाला तरच पुढे. संधी तीन. तिसऱ्यांदा परत आला तर नोंदणी रद्द.

पहिल्यांदा परत आला तो माझ्यामुळे. सुनंदाला ड्युटीतून वेळ नव्हता, आणि मला वाटत होतं, की इतकी वर्षं दुनियेची प्रपोजलं टाइप केल्यावर आपल्याला त्यातलं कळतं. माझ्या कॉम्प्युटरमध्ये एका मास्तरांचं जुनं प्रपोजल होतं, सातवीच्या विद्यार्थ्यांच्या गणितावरचं. सुबक होतं. मी 'विद्यार्थी' या शब्दाच्या जागी सगळीकडे 'गरोदर माता' घातलं, मधला मजकूर सुनंदाचा टाकला, समास नीट केले आणि रंगीत मुखपृष्ठ लावलं. समितीनं काही न बोलता ते परत दिलं. त्या न बोलण्याचा अर्थ आम्हाला पुढे विश्रामबागेत कळला.

दुसऱ्यांदा सुनंदानं स्वतः लिहिलं. ते 'उद्दिष्टे अस्पष्ट' म्हणून आलं. तेव्हा तिच्या शाळेतल्या कुणीतरी सांगितलं, की सांगलीत एक निवृत्त बाई आहेत, समाजकार्याच्या कॉलेजात संशोधन पद्धती शिकवायच्या. जा, पण रडायची तयारी ठेवून जा.

पहिल्या रविवारी गेलो, तर बाई व्हरांड्यात बसून शेंगा फोडत होत्या. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, काळीसावळी बाई. सुती साडी, पायात पुरुषी चपला. आम्हाला बसवलं, चहा आणला आणि कप सुनंदाच्या हातात देताना म्हणाल्या, "साय धरायच्या आत सांग, तुला काय माहीत नाहीये."

सुनंदा सुरू झाली. मेंढपाळ समाजातील गरोदर स्त्रियांमध्ये लोहयुक्त गोळ्यांविषयी असलेलं अज्ञान, त्यास कारणीभूत घटक, जनजागृतीची आवश्यकता. बाई कपाकडे बघत होत्या. साय धरली. बाईंनी चमच्यानं ती उचलून बशीत टाकली.

"हे तुला माहीत असलेलं झालं. माहीत नसलेलं विचारलं मी."

तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा साय. तिसऱ्या वेळी सुनंदा वैतागली. ती उपकेंद्रावर वाढलेली बाई, तिचा खरा आवाज वैतागातच निघतो. म्हणाली, "बाई, एकोणीस वर्षं गोळ्या वाटल्या मी. पोत्यानं वाटल्या. त्या गेल्या कुठं, हे मला माहीत नाही."

बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. "हे लिही की."

"असं कसं लिहायचं?"

"का? लाज वाटते?"

मग बाईंनी कागद मागितले. नुसते नवे नाही, नापास झालेलेही. आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागल्या. त्यांची ती पद्धतच होती. आधी प्रश्नावली, मग नमुना कसा निवडला ते, मग उद्दिष्टं, आणि प्रस्तावना बहुधा वाचायच्याच नाहीत. म्हणायच्या, पुढची पानं नवऱ्या मुलीसारखी नटवलेली असतात, मागची पानं घर दाखवतात. माझं पहिलं प्रपोजल त्यांच्या हातात होतं. एका जागी थांबल्या आणि मोठ्यानं वाचलं: "मुख्याध्यापकांच्या पूर्वपरवानगीने सर्व गरोदर मातांना एका वर्गात बसवून त्यांची गणिताची चाचणी घेण्यात येईल."

सुनंदानं माझ्याकडे बघितलं ते मी इथे लिहीत नाही.

"हे कुणी लिहिलं?" बाईंनी विचारलं.

मी हात वर केला. सातवीत करत होतो तसाच.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "सोबत कोण येणार आहे ते कळलं. तुम्ही तिकडे बसा." आणि कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीकडे बोट दाखवलं.

बाईंचा दंडक असा, की जी प्रश्नावली घेऊन तुम्ही गावोगाव हिंडणार, ती आधी या व्हरांड्यात, जिवंत माणसाला, सगळीच्या सगळी विचारायची. सोबत जो कुणी आला असेल, नवरा, बाप, रिक्षावाला, तो नमुना. मी त्या दिवशी एकशे बारा प्रश्नांना उत्तरं दिली. साठाव्या प्रश्नानंतर काहीही विचारलं तरी मी 'होय' म्हणत होतो. एकोणऐंशीव्याला मी माझी दोन मुलं वाढवून पाच केली. शेवटी बाईंनी सुनंदाला विचारलं, "तुझा स्वतःचा नवरा खुर्चीवर, पंख्याखाली बसून तासाभरात खोटं बोलायला लागला. ऊन डोक्यावर असलेली बाई काय करेल?"

मग त्यांनी कात्री काढली. शिलाई मशीनच्या खणात असते तसली, दोरे कापायची छोटी. बाई कधी लाल पेन वापरायच्या नाहीत. जो शब्द पटला नाही तो नेमका कापून काढायच्या, आणि निळ्या रंगाचा बिस्किटांचा जुना गोल डबा होता, त्यात टाकायच्या. 'जनजागृती' गेली. 'सर्वांगीण' गेला. 'उदासीनता' गेली. पानाला खिडक्या पडल्या. त्या खिडक्यांतून पलीकडची शेंगांची टरफलं दिसत होती. मला टायपिंगवाल्याला ते बघवेना.

'अज्ञान' या शब्दापाशी कात्री थांबली. तो तर शीर्षकातच होता. बाईंनी कात्री मिटून ठेवली. म्हणाल्या, "हा मी नाही कापत. हा तुझा तू बघ."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "बाई, या डब्यात पहिला शब्द कुणाचा पडला?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "चांगला प्रश्न विचारलात. उत्तर माहीत नसताना विचारलात." एवढं बोलून डब्याचं झाकण लावलं. उत्तर दिलं नाही. ज्या मला आयुष्यभर कशाचंही कुतूहल नव्हतं, त्या मला त्या दिवसापासून त्या डब्याचं लागलं.

तेव्हापासून आमचे रविवार सांगलीला जाऊ लागले. सुनंदा एकीकडे बसून लिहायची आणि मी ज्याला लागेन त्याचा नमुना व्हायचो. एकदा मिरजेचे एक तरुण डॉक्टर आले, रक्तदाब आणि आहार असा विषय घेऊन. मी रुग्ण. बाईंनी मध्ये भडंगाची परात आणून ठेवली. डॉक्टरांनी विचारलं, "जेवणात मीठ जास्त खाता का?" मी म्हणालो, "छे, बेतानंच." बाई डॉक्टरांना म्हणाल्या, "यांचा हात कुठे आहे बघा." माझा हात परातीत होता, तिसऱ्या मुठीसाठी.

"खोटं बोलले का हे?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "तसं दिसतंय."

"नाही बोलले. जास्त म्हणजे कशापेक्षा जास्त, ते तुम्ही सांगितलंच नाही. तुमच्या पुस्तकापेक्षा, की यांच्या आईच्या हातापेक्षा? यांनी आईशी तुलना केली." मग माझ्याकडे वळून, "काय हो?" खरं सांगायचं तर मी कुणाशीच तुलना केली नव्हती. पण आईचं नाव निघाल्यावर बरं वाटलं, म्हणून हो म्हणालो. बाईंनी तेही ओळखलं असणार.

दुसऱ्या एका रविवारी बी.एड. कॉलेजचे एक प्राध्यापक, मुलांच्या मोबाइलवेडावर प्रपोजल घेऊन. मी सातवीतला विद्यार्थी. "तू रोज किती वेळ मोबाइल बघतोस?" मी म्हणालो, अर्धा तास. बाईंनी प्राध्यापकांना विचारलं, तुम्ही किती बघता? ते म्हणाले, कामापुरता, तासभर. बाई म्हणाल्या, फोन दाखवा, त्यात म्हणे आपोआप नोंद होते. फोननं पाच तासांच्या वर सांगितलं. प्राध्यापक लाल झाले. बाईंना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. त्या खरोखर उत्सुक होत्या. फोन हातात घेऊन, चष्मा वर करून, कितीतरी वेळ त्या नोंदीचे रंगीत खांब न्याहाळत बसल्या. "माणूस स्वतःबद्दल इतका चुकतो," असं आपल्याशीच पुटपुटल्या. "आणि आपण त्यालाच विचारायला जातो."

त्यांच्या तोंडी एक वाक्य सतत असायचं: "उत्तर माहीत असेल तर पेट्रोल कशाला जाळता?" जो संशोधक निष्कर्ष आधीच खिशात घालून यायचा, त्याला हे ऐकावं लागायचं. दुसरं वाक्य: "नाही म्हणायची सोय ठेवलीस का?" प्रत्येक प्रश्नाला समोरच्यानं नाही म्हटलं तर चालेल, असं विचारणाऱ्याच्या तोंडावर दिसलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. हे सगळं ऐकून बाई फार मोठ्या मनाच्या होत्या असं वाटेल. तसंही नव्हतं. एका मुलीला त्यांनी भर व्हरांड्यात इतकं फाडून काढलं, की ती रडत बाहेर गेली. बाईंनी मग चपला घातल्या, तिच्यामागे बसस्टॉपपर्यंत गेल्या, तासाभरानं एकट्याच परत आल्या आणि म्हणाल्या, "माझा प्रश्न चुकला." त्या मुलीचा नव्हे, माझा, असं दोनदा म्हणाल्या. त्या दिवशी चहा झाला नाही.

सुनंदाच्या तिसऱ्या सादरीकरणाला पंधरा दिवस उरले. प्रश्न एकशे बारावरून चौदावर आले होते, पण शीर्षकात 'अज्ञान' बसूनच होतं. तिच्या गाइडसरांना तो शब्द आवडायचा. समितीला असले शब्द ओळखीचे वाटतात, म्हणायचे. बाई म्हणाल्या, आता व्हरांडा पुरे, नमुना बदलू. जिला विचारणार तिलाच विचार.

माणचे मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरतात. कापणी झालेल्या रानात मेंढरं बसवतात, रानाला खत होतं, मालक धान्य देतो, चार-आठ दिवसांनी पुढचं रान. सुनंदाच्या ओळखीचा एक वाडा, म्हणजे असं फिरतं बिऱ्हाड, तेव्हा पाटणजवळ उतरला होता. त्यात मंगल नावाची सून होती, पाचवा महिना. दिवाळीआधीच्या शिबिरात सुनंदानंच तिच्या ओटीत गोळ्यांच्या पाकिटांचा गठ्ठा घातला होता. बाई सांगलीहून एसटीनं कराडला आल्या, तिथून आमच्या गाडीत.

रानात वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोकरं, दोन घोडी, तीन दगडांची चूल, आणि सहा बायका. सुनंदा गेली ती नर्सच्या चालीनं गेली. ते तिच्या हातात नाही, माझ्याशी भांडतानाही ती तशीच चालते. वही उघडली. "गोळ्या रोज घेतेस ना?"

"घेती की," मंगल म्हणाली.

"किती?"

"तुमी सांगितलासा तेवड्या."

बाकीच्या पाच जणींनीही तेच सांगितलं. त्यातल्या दोघींना नातवंडं होती. त्याही रोज घेत होत्या. वहीवर सहापैकी सहा हो. सुनंदानं मंगलच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. पांढरीफटक.

बाई बांधावर बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली. "सुनंदा, ती वही यांच्याकडे दे." वही माझ्याकडे आली. "आता खाली बस. तू इथं गोळ्या वाटायला आलेली नाहीस. त्या दिवशी साय धरायच्या आत मला जे सांगितलंस, तेच हिला विचार."

सुनंदा मातीत बसली. मंगलची सासू ताटात बाजरी निवडत होती, सुनंदानं न बोलता त्यातले खडे काढायला सुरुवात केली. मी वही धरून उभा, झाडासारखा. मग ती हळू म्हणाली, "मंगल, मी एवढ्या गोळ्या दिल्या. त्या जातात कुठं गं? मला खरंच ठावं न्हाई."

मंगलनं सासूकडे बघितलं. सासूनं ताटातच मान घातली आणि तिचे खांदे हलायला लागले. हसत होती. मंगल उठली, म्हणाली, "या, दावती."

वाघरीच्या पलीकडे एक मेंढी आडवी पडली होती. पोट फुगलेलं, मान टेकलेली. मंगल तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "हिला."

"हिला काय?"

"गोळ्या. भाकरीच्या तुकड्यात घालून. गाभण हाय, उभीच ऱ्हाइना झालती. तुमीच म्हणलासा नव्हं, ह्या गोळीनं रगत वाढतं, पोटातलं पिल्लू धरतं? म्या म्हणलं, मग आधी हिला."

"आणि तुला?"

"मला खाल्ली का मळमळतंय, शिस्टर. दिसभर चालायचं आसतंय, मळमळून कसं भागंल? हिला न्हाई मळमळत." मग जरा थांबून, माझ्या बायकोची समजूत काढावी तशी म्हणाली, "वाया न्हाई घालवल्या एक बी."

सुनंदा त्या मेंढीजवळ बसून राहिली. मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं होतं त्या आता काहीतरी बोलतील, निदान विजयानं बघतील. त्या पदरानं चष्मा पुसत होत्या.

संशोधन तिथेच थांबलं. सुनंदानं मंगलला गाडीत घातलं, पाटणच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात भरलं. रक्तवाढीची इंजेक्शनं ठरवून घेतली, तारखा सासऱ्याच्या मोबाइलमध्ये घातल्या, पुढच्या मुक्कामाचं गाव विचारून तिथल्या नर्सला फोन केला. हे सगळं होईपर्यंत बाई वाड्यावर मंगलच्या सासूबरोबर बाजरी निवडत बसल्या होत्या. बाई मूळच्या जतच्या, आणि सासूचं माहेरही त्याच बाजूचं निघालं. परत आलो तेव्हा दोघींचं कानडीमिश्रित मराठीत असं काही रंगलं होतं, की आम्ही आलेलं दोघींनाही आवडलं नाही.

परतीच्या वाटेवर कराड जवळ आलं. मग सुनंदा म्हणाली, "बाई, कात्री आहे?"

बाईंनी पिशवीतून काढून दिली. सुनंदानं फाइल मांडीवर घेतली आणि शीर्षकातला 'अज्ञान' हा शब्द कापून काढला. हलत्या गाडीत, त्यामुळे शेजारच्या 'गोळ्यांविषयी'चाही कान कापला गेला. तुकडा तिच्या बोटावर होता. खिडकी उघडी होती. "फेकू नको," बाई म्हणाल्या. "डब्यात टाकते मी." आणि रुमालाच्या टोकाला बांधून घेतला.

आता खरी भीती सुरू झाली. गाइडसर म्हणाले, मॅडम, दहा दिवसांवर सादरीकरण आलंय, तिसरी वेळ आहे. जुनं शीर्षक मंजूर करून घ्या, मग काय बदलायचं ते बदला. माझं मत विचाराल तर मीही हेच म्हणालो. मी स्वभावानंच जुनी फाइल उघडून नवं नाव घालणारा माणूस. सुनंदानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही गरोदर बायकांना गणिताला बसवलं होतं. तुम्ही गप्प बसा."

मी गप्प बसलो आणि टाइप केलं. नवं शीर्षक होतं: मेंढपाळ कुटुंबाला दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्यांचा घरातील प्रवास. त्यात कुठलाही कापण्याजोगा शब्द सापडेना, तर मला काळजी वाटली, समितीला हे संशोधन तरी वाटेल का.

सादरीकरणाच्या दिवशी मी दाराबाहेर थर्मास घेऊन बसलो होतो. आत काय झालं ते सुनंदानं नंतर सांगितलं. पाच जण होते. एकानं विचारलं, गृहीतक कुठे आहे? दुसरे म्हणाले, मेंढीला गोळी चारली ही मजेशीर गोष्ट आहे, पण यात अभ्यासण्यासारखं काय? गाइडसर खाली बघत होते. सुनंदा म्हणते, तेवढ्यात मला समोरच्या चहाच्या कपावर साय धरताना दिसली.

ती म्हणाली, "सर, मी एकोणीस वर्षं सांगत होते की या गोळीनं रक्त वाढतं. मंगलनं ते ऐकलं, तिला ते पटलं आणि तिनं ती ज्याला आधी लागेल असं तिला वाटलं त्याला दिली. तिला माहिती होती. तिच्या घरात काय आधी येतं, ते मला माहीत नव्हतं. मला ते शोधायचंय."

मग टोकाला बसलेले एक वयस्कर सदस्य, जे तोवर डुलक्या घेत आहेत असं तिला वाटत होतं, त्यांनी विचारलं, "ती मेंढी जगली का?"

सुनंदा म्हणाली, "माहीत नाही सर. विचारायचं राहिलं."

"मग विचारा," ते म्हणाले. "आणि तेही लिहा." त्यांनी सही करून कागद शेजारी सरकवला. शेजारच्यांनी दोन दुरुस्त्या सुचवून सही केली, मग बाकीच्यांनीही. मी थर्माससकट उभा राहिलो तेव्हा सुनंदा दारातून बाहेर येत होती आणि कानाला फोन लावून मोठ्यानं विचारत होती, "मंगल, ती मेंढी कशी हाय गं?"

पुढच्या रविवारी कंदी पेढे घेऊन सांगलीला गेलो. बाईंच्या एका डोळ्यावर हिरवं फडकं. मोतीबिंदू काढला होता, चार दिवस झाले होते, वाचायची बंदी. दार उघडताच त्यांनी मंजुरीचं नाही विचारलं. म्हणाल्या, "मेंढी?"

"जगली," सुनंदा म्हणाली. "कोकरू झालं. मंगलचं रक्त नऊवर आलंय."

बाईंनी मान हलवली, पेढा घेतला, आणि निळा डबा माझ्या हातात दिला. "मला तर दिसत नाही. तुम्ही उपडा करा. बघा तुमच्या प्रश्नाचं उत्तर."

मी वर्तमानपत्रावर डबा उपडा केला. पांढरे, पिवळट, कॉम्प्युटरचे, हाताचे, शेकडो शब्द. तळाला एक चिकटून बसला होता. नखानं काढला. जुन्या टाइपरायटरची अक्षरं, शाई उडालेली. 'अज्ञान'.

"कुणाचा?" मी विचारलं.

"माझा. माझ्या प्रबंधातला. जतच्या खेड्यातल्या मातांवर लिहिला होता. बाळंतपण, दूध, औषधं, काय काय." बाई सहज सांगत होत्या, कुणाबद्दल तरी सांगावं तशा. "शंभर बायका होत्या. त्यातली सदतिसावी माझी आई. तिलाही मी तेच सगळं विचारलं, परक्यासारखं, आणि कोष्टकात टाकलं. पहिला वर्ग मिळाला. पुस्तक बांधून आल्यावर तिला दाखवायला नेलं, तर ती, कधी शाळा न पाहिलेली, म्हणाली, यातलं माझं कुठलं ते वाचून दाखव."

"मग?" सुनंदानं विचारलं.

"मग काय. तिच्या ओळीत हाच शब्द होता. वाचून दाखवलं." बाईंनी हात पुढे केला. मी तुकडा तळहातावर ठेवला. त्यांनी तो चाचपला, डब्याच्या तळाशी टाकला आणि रुमालाची गाठ सोडून सुनंदाचा तुकडा त्याच्यावर ठेवला. "कात्री नंतर घेतली."

तेवढ्यात फाटकातून एक मुलगी आली. औंधकडची होती, हातात फाइल, सोबत कुणी नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सवयीनं खुर्चीकडे निघालो, तर त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, तुम्ही जा, तुम्हाला साताऱ्याला पोचायचंय. मला वाचता येत नाही तर वाचून तीच दाखवेल, मी नमुना होते.

आम्ही गाडीत बसलो. फाटकातून व्हरांडा सरळ दिसत होता. त्या लोखंडी खुर्चीत बाई पाठ ताठ करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, एका डोळ्यावर हिरवं फडकं. डोक्यावरून पदर घेतला होता. इतक्या रविवारांत मी त्यांना डोक्यावर पदर घेतलेलं कधी बघितलं नव्हतं. मी किल्ली फिरवणार, तर सुनंदानं माझ्या हातावर हात ठेवला आणि काच खाली केली.

मुलीनं नाव विचारलं, वय विचारलं. मग विचारलं, "शिक्षण?"

बाई बोलल्या ते बाईंच्या आवाजात नव्हतं. जतकडच्या एखाद्या म्हातारीचं, हेल काढून बोललेलं होतं ते.

"शाळा न्हाई बघ, बाळा. पर तू इचार. लय ठावं हाय मला."